पेटीचा वास बदलतो तेव्हा

सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी उघडायच्या आधी मी स्मोकर पेटवत नाही. आधी दाराशी उकिडवी बसते, माशांची ये-जा बघते, मग झाकण जरासं तिरकं करून आतून येणारी पहिली हवा नाकात घेते. प्रशिक्षणाला आलेल्या मुलामुलींना याचं नवल वाटतं. ती मेणपत्रा, मधयंत्र, मधाचा भाव असले प्रश्न घेऊन आलेली असतात. पण निरोगी पेटीला स्वतःचा वास असतो. ऊबदार मेण, ताजा मकरंद, किंचित आंबूस पराग आणि या सगळ्याच्या मागे अळ्यांचा गोडसर, दुधाळ वास. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात जी घरं पिढ्यानपिढ्या माशा पाळतात, त्यांना हा वास शिकवावा लागत नाही. तापोळ्याकडच्या एका वाडीतल्या तात्यांची नजर आता अधू झाली आहे, पोळ्यातल्या घरांच्या तळाशी घातलेली अंडी त्यांना दिसत नाहीत. पण झाकण उचललं की ते सांगतात, "ताई, हितं कायतरी बिनसलंय बघा. वास बदललाय पेटीचा." चौकटी काढून बघावं तर बहुतेक वेळा बिनसलेलं असतंच.

माझं शिक्षण रसायनशास्त्राचं. वनस्पतींच्या सुगंधी तेलांवर काम करता करता मी माशांकडे वळले आणि डोंगरातच रमले. त्यामुळे तात्यांना नाकाने जे कळतं ते रेणूंच्या पातळीवर काय असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभर यावर जे काम झालं, ते मी मिळेल तसं वाचत आले. पेट्यांपाशी जे दिसतं त्याच्याशी ते ताडून बघण्यात माझी नोकरीतली वर्षं गेली. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. पेटीला रोग होतो तेव्हा मेलेल्या अळ्या आपल्याला फार उशिरा दिसतात. त्याच्या कितीतरी आधी माशांचं एकमेकींशी चाललेलं बोलणं बिघडलेलं असतं, आणि ते बोलणं वासाचं असतं.

पेटीच्या आत मिट्ट अंधार. हजारो माशा एकमेकींच्या अंगावरून चालत असतात आणि कोणी कोणाला पाहत नाही. नाच आहे, अंगाची थरथर आहे, मिशांचा स्पर्श आहे. पण घरचा रोजचा कारभार चालतो तो गंधावर. मेलिफेरा, म्हणजे युरोपियन मधमाशीच्या जनुकसंचात गंध टिपणाऱ्या ग्राहकांची सुमारे १७० जनुकं सापडली. चवीची मात्र दहाच. जिचं आयुष्य फुलांच्या गोडव्यावर चालतं तिच्या बाबतीत हा आकडा वाचला तेव्हा मी कितीतरी वेळ त्यावरच विचार करत होते.

राणीचंच घ्या. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात कॉलिन बटलर यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं की राणीच्या अंगावरचं एक द्रव्य कामकरी माशांना ताब्यात ठेवतं. १९६०च्या सुमारास त्यातला मुख्य रेणू ओळखला गेला. तो राणीच्या जबड्याजवळच्या ग्रंथींतून स्रवतो. राणीभोवती रिंगण करून असलेल्या माशा तिला चाटतात, मिशांनी स्पर्श करतात आणि मग पेटीभर फिरून तो गंध दुसऱ्यांना देतात. राणी आहे, ती अंडी घालते आहे, नवी राणी वाढवायची गरज नाही, तुमची अंडाशयं थोपवून धरा, इतका सगळा निरोप त्यात असतो. राणी काढून घेतली तर काही तासांत पेटीला कळतं. माशांचा आवाज बदलतो, त्या चौकटीवर सैरावैरा धावतात. सातेरीत हा बांध मेलिफेरापेक्षा लवकर फुटतो. नवी राणी झाली नाही तर कामकरी माशाच अंडी घालू लागतात. एकेका घरात दोन-तीन अंडी, कडेला कशीतरी चिकटवलेली. त्यातून नरांशिवाय काही निपजत नाही आणि पेटी संपते.

अळ्याही गप्प नसतात, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. अगदी कोवळ्या अळ्या बीटा-ओसिमीन नावाचा हलका, उडून जाणारा रेणू हवेत सोडतात. थोरल्या अळ्यांच्या अंगावर दहा एस्टरांचं मिश्रण असतं. फ्रान्समध्ये ईव्ह ल काँत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन्ही कोडी उलगडत नेली. या गंधांमुळे दाई माशा खाऊ घालायला येतात, भटक्या माशा पराग आणायला बाहेर पडतात, घरं वेळेवर मेणाने बंद केली जातात. चीनमधल्या एका अभ्यासात दिसलं की उपाशी ठेवलेली अळी ओसिमीन जास्त सोडते. म्हणजे भुकेलं बाळ आईला हाक मारतं तेच इथेही चालू आहे.

धुराचा मुद्दाही इथेच येतो. डंख मारलेल्या जागेवरून पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो तो आयसोपेंटिल ॲसिटेटचा. धोक्याचा हा इशारा १९६२ मध्ये ओळखला गेला. धूर दिला की माशा शांत होतात याचं एक कारण असं की त्यांच्या मिशांची गंध टिपण्याची ताकद काही मिनिटांपुरती मंदावते. धोक्याची हाक त्यांना ऐकू येत नाही, तशी राणीचीही येत नसणार आणि अळ्यांचीही. मधकाढणीच्या दिवशी धुराला इलाज नाही. पण रोगाची तपासणी करायला जायचं आणि पोहोचल्याबरोबर सगळ्या पेट्यांत भसाभस धूर सोडायचा, हे मला पटत नाही. ज्या कारभाराची तपासणी करायची तोच आपण बंद पाडतो. सातेरी तशीही गरीब माशी आहे. सकाळी ऊन पडल्यावर, हलक्या हाताने, पेटीला धक्का न लावता उघडली तर बहुतेक वेळा धुराशिवाय काम होतं.

आता रोगाकडे येते. आपल्या सातेरीचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग. तो १९७६ मध्ये थायलंडमध्ये दिसला, दोनच वर्षांत आपल्या ईशान्य भारतात, आणि १९९१-९२ मध्ये दक्षिणेत. केरळात तेव्हा दहापैकी नऊ पेट्या गेल्याच्या नोंदी आहेत. घरटी पेट्या असलेली गावं रिकामी झाली. तिथल्या कित्येकांनी नंतर सातेरी सोडून मेलिफेरा धरली. तो काळ ज्यांनी बघितला त्यांचं बोलणं मी ऐकलं आहे. त्या आठवणीनं अजूनही त्यांचा आवाज चढतो.

हा रोग जवळून कसा दिसतो ते सांगते. चौकट उन्हाकडे तिरपी धरायची. मेणाने बंद केलेल्या घरांच्या पट्ट्यात मध्येच एखादं उघडं घर, किंवा टोपणाला बारीकसं भोक. त्यात वाकून पाहिलं की अळी पाठीवर ताणलेली, डोकं वर उचललेलं, नाळ उंच असलेल्या होडीसारखी. रंग मोत्यासारखा पांढरा असायला हवा तो पिवळट, पुढे तपकिरी. चिमट्याने अलगद उचलली तर ती फाटत नाही. कातडीची पिशवी होते आणि तळाला पाणी साचून लोंबकळते. आत कोषाची माशी व्हायची होती, तिथे नुसतं पाणी. वाळली की खवला होतो आणि तो सहज निघतो. अमेरिकन फाउलब्रूडमध्ये आगपेटीची काडी खुपसली की चिकट तार निघते आणि सरसासारखी दुर्गंधी येते, युरोपियन फाउलब्रूडमध्ये आंबट वास येतो. थाई सॅकब्रूडमध्ये असा कुठलाच वास नसतो. म्हणून पुस्तकात दुर्गंधी शोधायला शिकलेला माणूस इथे फसतो. माझ्या नाकाला अशा पेटीत जाणवतं ते नसलेपण. अळ्यांचा दुधाळ वास उतरलेला असतो. तात्या 'वास बदललाय' म्हणतात ते यालाच, अशी माझी समजूत आहे.

दारातल्या खुणा मात्र याच्याही आधी दिसतात. जांभळाच्या बहरात एका उतारावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पेट्यांपाशी मी खूप वेळ बसले होते. एकीत दर थोड्या वेळाने मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या लादलेली माशी उतरत होती. दाराच्या फळीवर जरा थांबायची, पोट हलवायची आणि आत शिरायची. दुसरीत ये-जा तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच होती, पण पाय कोरडे. माशाही कोवळ्या दिसत होत्या, अंगावरची लव अजून झडलेली नव्हती. पेटीमालकीण म्हणाली, "ही पेटी जोरात हाय की ताई, किती पळतायत बघा." उघडल्यावर दोनच चौकटींत अळ्या आणि त्यातल्या कितीतरी होडीसारख्या पडलेल्या.

याचा उलगडा रोथॅमस्टेडच्याच लेस्ली बेली यांच्या कामात आहे. मधमाश्यांच्या विषाणूंच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. मेलेली अळी घराबाहेर काढायचं काम तरुण माशा करतात. तेव्हा त्या पिशवीतलं पाणी त्यांच्या तोंडात जातं. सॅकब्रूडने तरुण माशी मरत नाही, पण विषाणू तिच्या डोक्यातल्या, दाईचं दूध बनवणाऱ्या ग्रंथींत साठतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशी माशी पराग खायचं सोडते, अळ्यांना भरवायचं सोडते, वेळेआधीच बाहेर उडू लागते आणि पराग जवळपास आणतच नाही. दारातली ती धावपळ जोराची नव्हती. ज्या वयात घरात बसून बाळं सांभाळायची त्या वयात त्या पोरी बाहेर काढल्या गेल्या होत्या. अळ्या हाक मारत असतील, पण ती हाक जिने ऐकायची तिच्यावर आता तिचा परिणाम होत नाही. बेलींना यात पेटीचा फायदाही दिसला. विषाणू बाळगणारी दाई भरवायचंच थांबली तर तिच्या दुधातून तो पुढच्या अळ्यांत जात नाही. मेलिफेरामध्ये सॅकब्रूड बऱ्याचदा आपोआप ओसरतो तो बहुधा यामुळे. थाई विषाणूपुढे सातेरीला हे पुरत नाही.

इथे सर्वांत गुंतागुंतीची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब येते: आजारी अळीचा वास कोणाला येतो आणि कधी येतो. अमेरिकेत वॉल्टर रोथेनब्युलर यांनी १९६४ मध्ये दाखवलं की काही पेट्यांतल्या माशा रोगट अळीचं टोपण उघडतात आणि तिला बाहेर फेकतात, काही पेट्यांतल्या नाही. आणि हा गुण वंशाने उतरतो. पुढे मार्ला स्पिव्हाक यांनी मिनेसोटात हा विषय कितीतरी पुढे नेला. चुन्यासारखी होऊन मरणारी बुरशीग्रस्त अळी फिनेथिल ॲसिटेट सोडते आणि त्या एका रेणूवर माशा टोपण उघडू लागतात, हे सापडलं. मेलेल्या अळीच्या अंगातून ओलेइक आम्ल आणि ओसिमीन असे दोन्ही वास एकत्र आले की माशा जास्त तत्परतेने घर साफ करतात, हेही सापडलं. ओसिमीन म्हणजे तेच, जे जिवंत बाळ भूक लागल्यावर सोडतं. 'मला भरव' आणि 'मला काढून टाक' या दोन निरोपांत तोच एक रेणू आहे. सोबत काय आहे त्यावर अर्थ ठरतो. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं रेणू वेगळे काढत आले. इथे रेणू वेगळा काढला की अर्थच हरवतो.

या कामात आपली सातेरी तरबेज आहे. मेलेल्या अळ्या काढण्यात ती मेलिफेरापेक्षा वेगवान असल्याचं शेजारी-शेजारी ठेवून केलेल्या अभ्यासात दिसलं आहे. व्हरोआ माइट मुळात सातेरीचाच परजीवी. शेकडो पिढ्यांच्या सहवासातून ती त्याला आवरायला शिकली. तो तिच्या नरांच्याच घरांत वाढू शकतो. कामकरी अळीच्या घरात शिरला तर ती अळी झटकन खालावते, माशांना कळतं, त्या तिला माइटसकट काढतात. अळीचं हे नाजूकपणच पेटीला वाचवतं असं २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने मांडलं. मेलिफेराची अळी चिवट आहे, ती माइट अंगावर घेऊन मोठी होते, आणि त्या चिवटपणापायी तिची वसाहत मरते. हे वाचलं त्या दिवसापासून मी 'चिवट' हा शब्द पेटीची तारीफ म्हणून वापरायचं सोडलं.

मेलेल्या थोरल्या माशीची गोष्टही तशीच. चीनच्या युन्नान प्रांतातल्या शिश्वांगबन्ना इथे सातेरीवरच झालेल्या कामातून असं पुढे आलं की माशी मेल्यावर तिचं अंग थंड होतं, त्यामुळे कातडीवरच्या मेणासारख्या हायड्रोकार्बनांचा वास हवेत उठायचा कमी होतो, आणि तेवढ्यावरून तिला ओढून नेणाऱ्या माशा अर्ध्या तासाच्या आत ओळखतात. प्रेत कुजायची वाट पाहावी लागत नाही. मेलेली माशी मुद्दाम ऊबदार ठेवली तर तिला इतक्या लवकर हलवत नाहीत. म्हणजे एक वास थांबला, हीच खूण.

थाई सॅकब्रूडमध्ये सफाईच्या या गुणाला दोन बाजू येतात, आणि त्यावर आमच्या बैठकांत नेहमी वाद होतो. सफाई करणारीच विषाणू तोंडात घेते, मग सफाई चांगली की वाईट? माझं मत असं की सगळं वेळेवर अवलंबून आहे. कातडीखाली पाणी साचायच्या आत अळी काढली तर विषाणू फारसा पसरत नाही. पिशवी झाल्यावर काढली तर ती फुटते आणि काढणारीच्या तोंडी लागते. नुसती सफाई करणारी पेटी पुरत नाही, लवकर वास घेणारी पेटी हवी. वाद घालणाऱ्यांना हे पुरेसं वाटत नाही, हेही सांगून टाकते.

विषाणू आणि परजीवी माशांचं हे वासाचं बोलणं स्वतःच्या सोयीने वाकवतात की रोगाच्या धक्क्याने ते आपोआप वाकतं, हे दर वेळी सांगता येत नाही. नोसेमा सेराने हा आतड्यातला परजीवी १९९६ मध्ये प्रथम वर्णिला गेला तो आपली सातेरी ज्या सेराना जातीची त्याच जातीच्या माशीत, बीजिंगजवळ. तो झालेल्या मेलिफेरा माशांत एथिल ओलिएट वाढतं असं २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांना आढळलं. एथिल ओलिएट हा थोरल्या, बाहेर जाणाऱ्या माशांचा निरोप: बाहेरचं आम्ही पाहतो, तुम्ही घरातच थांबा. आजारी माशी स्वतः लवकर बाहेर पडते आणि अंगावर मात्र इतरांना थांबवणारा वास जास्त बाळगते. घरातलं वयाचं वाटपच त्याने हलतं. त्याच गटाला नोसेमा झालेल्या राणीच्या जबड्याच्या गंधातही फरक दिसला.

इस्रायली लकव्याच्या विषाणूवरचा इलिनॉय विद्यापीठातला २०२० सालचा अभ्यास मला विशेष अस्वस्थ करून गेला. संशोधकांनी माशांच्या पाठीवर बारकोड चिकटवले आणि कोण कोणाला तोंडातून अन्न देतं ते कॅमेऱ्याने टिपलं. स्वतःच्या पेटीत बहिणी आजारी माशीशी ही देवाणघेवाण कमी करत होत्या. दुसऱ्या पेटीच्या दारात मात्र पहारेकरी माशा त्याच आजारी माशीला निरोगी परकी माशीपेक्षा सहज आत घेत होत्या. तिच्या अंगावरच्या हायड्रोकार्बनांचा वास बदललेला होता. घरात बंदोबस्त आणि शेजारच्या घरात मोकळं दार! आमच्याकडे जागेच्या टंचाईपायी लोक बांधावर एका ओळीत, एकाच दिशेला तोंडं करून पेट्या मांडतात. वाऱ्याच्या दिवशी माशा चुकून शेजारच्या दारात उतरतात. तो अभ्यास मेलिफेरावरचा आहे आणि विषाणू वेगळा. तरीही तेव्हापासून मी पेट्या लांब-लांब, झाडांच्या आडोशाने, वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून ठेवायचा आग्रह धरते, आणि त्यापायी थोडी चढण चढावी लागली तरी ऐकत नाही.

राणीबद्दलचं अगदी अलीकडचं काम कॅनडातलं, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातलं, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेलं. विषाणूंनी ग्रासलेल्या राणीची अंडाशयं आक्रसतात आणि तिच्या गंधातलं मिथिल ओलिएट कमी होतं. मग कामकरी माशा तिला बदलायची तयारी सुरू करतात. त्याच गंधाची कृत्रिम मिश्रणं पेट्यांत ठेवून पाहिली तेव्हा ज्यात मिथिल ओलिएट होतं त्या पेट्यांनी नवी राणी करायची तयारी कमी वेळा सुरू केली. आमच्या डोंगरात पावसाळा संपता संपता राण्या बदलल्या जातात, कधी पटकन एकामागून एक. लोक म्हणतात राणी म्हातारी झाली. दोन पावसाळेही न पाहिलेली राणी म्हातारी कशी होईल, असं मी विचारते. आता निदान पुढचा प्रश्न विचारता येतो: ती आजारी होती का?

हे सगळं कळून हाताला काय लागलं? विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविकांची भुकटी जीवाणूंवर असते, विषाणूला तिचं काही नाही; तरी ती अजूनही टाकली जाते आणि मधात उतरते. कापूर, लसूण, उग्र तेलं पेटीत ठेवण्याचे सल्ले फिरत असतात. ज्या घराचा कारभार वासावर चालतो त्यात उग्र वास कोंडायचा म्हणजे सफाई करणारीचं नाक बंद करायचं. हा माझा तर्क आहे, पण मी तो जोरात मांडते. अशक्त पेटीला जोमदार पेटीतली पिल्लांची चौकट द्यायची जुनी, मायेची पद्धत आहे. रोगाच्या वर्षात ती बंद ठेवावी लागते, कारण चौकटींबरोबर विषाणू हिंडतो. एका वर्षी बाहेरून विकत आणलेल्या पेट्यांतूनच एका वाडीत रोग शिरला. पुरवठादाराने जंगलातली पोळी खुडून, तपासणी न करता, घाईने भरलेल्या होत्या. त्या वाडीतल्या बायकांनी बचतगटाचे पैसे त्यात घातले होते. त्याचा राग मला आजही आहे.

खरा उपयोग होतो तो राणी कोंडण्याचा. तिला काही आठवडे लहान पिंजऱ्यात ठेवायचं, अंडी थांबतात, अळ्या संपतात, विषाणूला वाढायला जागा राहत नाही. पिंजरा जाळीचाच हवा. माशांना तिला मिशा लावता आल्या पाहिजेत, चाटता आलं पाहिजे. तिचा गंध तुटला तर सातेरी लवकर बिथरते आणि पेटी सोडून पळते. राणी कोंडलेली असते तोवर घरं साफ होतात. पुढे त्या राणीऐवजी तग धरलेल्या पेटीची मुलगी दिली तर अधिक बरं.

तग धरलेली पेटी ओळखायची एक साधी चाचणी आहे. मेणाने बंद केलेल्या घरांचा एक पट्टा निवडायचा, बारीक टाचणीने शंभर घरांतले कोष टोचायचे, चौकट परत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजायचं. काही पेट्यांत जवळजवळ सगळी घरं रिकामी आणि चकचकीत, काहींत टोपणं जशीच्या तशी. टाचणी लावताना पहिल्यांदा सगळ्यांचा हात थरथरतो. तात्यांची सून मात्र न बोलता, नेमक्या हाताने टोचते आणि वहीत आकडे मांडते. ती म्हणाली, "ताई, ज्या पेटीचा मध सगळ्यात जास्त, ती यात मागं पडली. मग पोरी कुणाच्या घ्यायच्या?" मी म्हटलं, दोन्हीत मधली बघू. तिला ते पटलं नाही. तिच्या मते मध एका हंगामाचा आणि पेटी घराची, म्हणून सफाईवालीच घ्यायची. तिने तेच केलं, आणि मला तिचं पटलं.

अडचण पुढे आहे. सातेरीची राणी हवेत उडत जाऊन अनेक नरांशी मीलन करते, आणि ते नर खोऱ्यातल्या कुठल्याही पेटीतले, कुठल्याही झाडाच्या ढोलीतले असतात. एका घराने चांगल्या नाकाच्या मुली निवडल्या तरी अर्धा वारसा शेजारून येतो. म्हणून एकट्याने हे होत नाही, अख्ख्या खोऱ्याने करावं लागतं. ढोलीतल्या जंगली सातेरीला तर आपण काहीच सांगू शकत नाही. तिथे निसर्गाची निवड आधीच चालू आहे, आणि म्हणून ती पोळी खुडू नयेत असं मी प्रत्येक बैठकीत सांगते. सध्या कोयनेकाठच्या काही वाड्यांनी टाचणीची चाचणी एकाच आठवड्यात करायचं आणि मागे पडलेल्या पेट्यांतली नरांची घरं कापून टाकायचं मान्य केलं आहे. काही वाड्या अजून तयार नाहीत. नरांची घरं कापली की पेटी कमजोर होते असं त्यांना वाटतं, आणि ज्यांनी एकदा सगळ्या पेट्या गमावल्या आहेत त्यांच्याकडे असं मागणं मागताना मलाही जड जातं. पाऊस ओसरून सोनकी फुलली की त्यांच्याकडे पुन्हा जायचं आहे, तात्यांच्या सुनेला आणि तिच्या वहीला बरोबर घेऊन.